ख्रिस्ती मंडळ्यांचे ऐक्यकार्य (सातारा-सांगली)

निरनिराळ्या पंथांच्या ख्रिस्ती मंडळ्यांनी आपापली परंपरा राखून उपासना, सेवा व साक्ष यांसाठी एकत्र येणे, यास ऐक्यकार्य किंवा एक्युमेनिकल चळवळ म्हणतात. मूळ ग्रीक शब्द ‘ओइकुमेने’, म्हणजे माणसांची वस्ती असलेली पृथ्वी. चळवळीचा जागतिक आरंभ सामान्यतः १९१० च्या एडिंबरो मिशनरी परिषदेपासून धरतात. कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत मात्र तिचा आरंभ कोठून मानावा, याविषयी एकमत नाही.

एक मत मिशनांच्या क्षेत्रवाटपाकडे बोट दाखवते. एका मिशनच्या कार्यक्षेत्रात दुसऱ्याने केंद्र उघडू नये, असा प्रोटेस्टंट मिशनांचा संकेत होता. महाबळेश्वरी १८३४ च्या सुमारास व साताऱ्यात १८४९ च्या सुमारास (म्हणजे संस्थान खालसा झाल्यानंतर लगेच) अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पुढे वाईलाही त्याचे केंद्र झाले. ही परंपरा काँग्रिगेशनल. तीत प्रत्येक स्थानिक मंडळी स्वयंशासित असते आणि पाळक कोण असावा हे सभासदांची सभा ठरवते. दक्षिणेकडे कोल्हापूर, सांगली, मिरज या संस्थानी मुलखात अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशन होते. तेथे प्रत्येक मंडळीचे वडीलमंडळ आणि त्यावर अनेक मंडळ्यांची प्रेसबिटरी सभा अशी उतरंड होती. सांगली जिल्हा त्या काळी नव्हताच. १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून तो अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्यास आजचे नाव मिळाले. मिशनांची हद्द जिल्ह्याच्या आजच्या हद्दीशी तंतोतंत जुळत नाही, हे जुने अहवाल वाचताना ध्यानात ठेवावे लागते. क्षेत्रवाटपाने भांडणे टळली, हे खरे. पण शेजाऱ्याच्या अंगणात पाऊल न टाकणे म्हणजे त्याच्यासोबत पंगतीला बसणे नव्हे. त्यामुळे ऐक्याचा आरंभ येथून धरणे काहीसे ताणल्यासारखे होते.

दुसरे मत मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून आरंभ करते, आणि ते अधिक ग्राह्य वाटते. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी सेवा सोडली आणि साताऱ्यास येऊन ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती. पंथांच्या भिंती पाश्चात्त्य इतिहासातून आल्या. त्या मराठी भक्ताने का वाहाव्यात, हा त्यामागचा प्रश्न. मे १९१९ मध्ये टिळक वारले आणि दरबार पुढे टिकला नाही. त्यामुळे काही लेखक त्यास एका कवीचे स्वप्न एवढेच स्थान देतात. तो निवाडा उणा वाटतो. टिळकांचे चरित्र लिहिणारे जे. सी. विन्स्लो हे अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतील होते. त्यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ काढला, त्यामागे टिळकांची प्रेरणा होती. संघाच्या पुण्यातील आश्रमात १९७२ पासून अँग्लिकन व कॅथलिक भगिनी एकत्र राहू लागल्या. शिवाय टिळकांची पदे काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन, मेथडिस्ट सर्वांच्या तोंडी आहेत. पेटी-तबल्यावर त्यांचा अभंग सुरू झाला, की गाणारा कोणत्या मंडळीचा हे ओळखता येत नाही.

संघटनात्मक ऐक्याची पहिली पायरी १९२४ ची. त्या वर्षी प्रेसबिटेरियन व पश्चिम भारतातील काँग्रिगेशनल मंडळ्या मिळून युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाले आणि सातारा व मिरज एका छत्राखाली आले. दुसरी पायरी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे स्थापन झालेले चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय). वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या. ऐक्ययोजनेची चौथी व अखेरची आवृत्ती १९६५ ची. अँग्लिकन, युनायटेड चर्च, बाप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेतील मेथडिस्ट असे सहा घटक त्यात आले. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट मंडळी अखेरच्या क्षणी बाहेर राहिली.

दोन पेच मोठे होते. पहिला दीक्षेचा, म्हणजे पाळकाला सेवेसाठी नेमण्याच्या विधीचा. अँग्लिकनांना बिशपच्या (अनेक मंडळ्यांवरील प्रमुख धर्माधिकाऱ्याच्या) हस्ते झालेली दीक्षा आवश्यक वाटे, तर इतरांना आपली पूर्वीची दीक्षा अपुरी ठरवून घेणे मान्य नव्हते. दक्षिणेत १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाने सर्वांची जुनी दीक्षा तशीच स्वीकारली होती. उत्तरेत सर्व सेवकांवर परस्पर हस्तारोपण झाले, म्हणजे डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली. त्या प्रार्थनेत ज्याला जे उणे असेल ते देवाने द्यावे, असे मागितले गेले. उणे काय, हे माणसांनी ठरवले नाही. दुसरा पेच बाप्तिस्म्याचा. तान्ह्या मुलाचा आणि प्रौढपणी विश्वास कबूल केल्यावरचा, असे दोन्ही प्रकार वैध मानले गेले. बिशप नसलेल्या सातारच्या परंपरेला या योजनेने बिशप मिळाला. हा बदल तेथील मंडळ्यांना किती मोठा होता, हे सभासदसभेची जुनी रीत पाहिल्याखेरीज कळत नाही. सांगली-मिरजेकडे सीएनआयचा कोल्हापूर धर्मप्रांत (बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश) आहे.

सेवाक्षेत्रात ऐक्य या ठरावांच्या आधीच रुजले. डॉ. विल्यम वानलेस १८८९ मध्ये भारतात आले. मिरजेचे त्यांचे रुग्णालय १८९४ चे, वैद्यकीय शाळा १८९७ ची. रोग्याला पंथ विचारण्याची तेथे सोय नव्हती व गरजही नव्हती. वाईचे मिशन हॉस्पिटल अमेरिकन मराठी मिशनचे.

कॅथलिकांशी जवळीक दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६४ च्या ऐक्यविषयक निर्णयानंतरची. हे दोन्ही जिल्हे कॅथलिकांच्या पुणे धर्मप्रांतात येतात. १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थनासप्ताह. १९६८ पासून त्याची उपासना व्हॅटिकन व जागतिक चर्च परिषद मिळून तयार करतात. अशा सभेत प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारसाचा विधी) नसते, कारण त्याबाबत कॅथलिक नियम आड येतो. एकत्र म्हटलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘वाइटापासून सोडव’ येथे कॅथलिक थांबतात. प्रोटेस्टंट सवयीने ‘राज्य, सामर्थ्य, गौरव’ असे पुढे म्हणू लागतात, आणि क्षणभर अर्धी सभा गप्प, अर्धी बोलत असते. शुभ शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांवर सात वेगवेगळ्या वक्त्यांनी बोलण्याची रीत आहे. शेजारच्या मंडळीच्या पाळकाला बोलावण्याची ती सर्वांत सहज संधी.

पाणी व त्रैक्याचे (पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे) नाव यांनी झालेला बाप्तिस्मा कॅथलिक मंडळी पुन्हा करत नाही. म्हणून सीएनआयची मुलगी कॅथलिक घरात गेली तरी तिचा नव्याने बाप्तिस्मा होत नाही. विवाहास मात्र कॅथलिक अधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलांना कॅथलिक श्रद्धेत वाढवण्यासाठी झटण्याचे वचन कॅथलिक पक्षाला द्यावे लागते. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या स्वतंत्र पेंटेकोस्टल संगती तान्हेपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत, आणि आपल्याकडे आलेल्यांना पुन्हा पाण्यात उतरवतात. जुन्या मंडळ्यांच्या मनाला हे लागते. मार्चच्या पहिल्या शुक्रवारचा जागतिक प्रार्थना दिन महिलांच्या पुढाकाराने होतो.