पितरांची दुपार

सर्वपित्री अमावस्येची रात्र होती आणि गावातली लाइन गेली होती. दुपारी छपरावर ठेवलेला घास कावळ्यांनी टिपून नेला होता. उडदाच्या वड्यांचा वास अजून अंगणात रेंगाळत होता. मी बाजेवर उताणा पडून आभाळात चंद्र शोधत होतो.

‘‘आजी वं, आज चंद्र कोठी गेला?’’

‘‘पितरायकडं गेला तो बाप्पा. तिकडं आज जेवनावळ हाये.’’

हे उत्तर मी बरीच वर्षं गोष्ट म्हणूनच जपून ठेवलं. पुढे ज्योतिर्गणिताचं वाचन सुरू झालं तेव्हा कळलं की आजीच्या बोलण्यामागे जवळपास नऊशे वर्षांचा एक चोख हिशोब उभा आहे.

तो हिशोब समजून घ्यायला आधी खळ्यात जाऊ. आता मळणी थ्रेशरवर होते, पण ज्यांनी बैलांची पात पाहिली आहे त्यांना हे चित्र लगेच डोळ्यांपुढे येईल. खळ्याच्या मधोमध खांब रोवलेला असतो. बैल त्याच्याभोवती गोल फिरतो आणि फिरताना त्याची एकच कूस कायम खांबाकडे असते. खांबापाशी बसलेल्या माणसाला बैलाची दुसरी कूस दिवसभरात एकदाही दिसत नाही. चंद्र पृथ्वीभोवती नेमका असाच फिरतो. स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला त्याला जेवढा वेळ लागतो, तेवढाच पृथ्वीभोवतीच्या एका फेरीला लागतो, म्हणजे २७.३ दिवस. हा योगायोग नाही. पृथ्वीच्या ओढीने चंद्राचा गोळा किंचित ताणला जातो. त्या ताणाने कोट्यवधी वर्षांत त्याची गिरकी मंदावत गेली आणि शेवटी एकच बाजू पृथ्वीकडे धरून स्थिरावली. बैल चालताना मान थोडी डोलावतो, तसा चंद्रही आपल्याला जरासा डोलताना दिसतो. त्यामुळे अर्ध्याहून थोडा जास्त, शेकडा एकोणसाठ भाग आपल्या नजरेला पडतो. उरलेला भाग पृथ्वीवरून कोणालाही, कधीही दिसलेला नाही.

आता खळ्यावर सकाळचं तिरपं ऊन येऊ द्या. बैल खांब आणि सूर्य यांच्या मध्ये आला की त्याची बाहेरची कूस उन्हात असते आणि आतली सावलीत. खांबापाशी बसलेल्याला बैल काळाच दिसतो. ही अमावस्या. बैल फिरून पलीकडच्या अंगाला गेला की आतल्या कुशीवर ऊन येतं आणि बाहेरची सावलीत जाते. ही पौर्णिमा. एका फेरीत दोन्ही कुशींना सारखंच ऊन मिळतं. चंद्राच्या न दिसणाऱ्या बाजूला ‘अंधारी बाजू’ म्हणायची सवय पडली आहे, ती मला फार खटकते. ती बाजू अंधारी नाही, आपल्याकडे पाठ केलेली आहे. आणि अमावस्येच्या दिवशी, आपण ‘चंद्र नाही’ म्हणतो तेव्हा, त्या बाजूवर भर दुपार असते.

भास्कराचार्यांनी (जन्म १११४) ‘सिद्धांतशिरोमणी’ लिहिला ११५० साली. त्यातल्या गोलाध्यायात त्यांनी पितरांचं घड्याळ मांडलं आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: पितर चंद्राच्या वरच्या अंगाला, म्हणजे आपल्यापासून दूर असलेल्या बाजूला राहतात. अमावस्येला सूर्य बरोबर त्यांच्या डोक्यावर येतो, म्हणून ती त्यांची दुपार. पौर्णिमेला सूर्य त्यांच्या पायाखाली जातो, ती मध्यरात्र. कृष्ण पक्षाच्या मध्यावर त्यांच्याकडे उजाडतं आणि शुक्ल पक्षाच्या मध्यावर सूर्य मावळतो. भास्कराचार्य पृथ्वी स्थिर आणि मधोमध मानत होते. तरीही सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एकमेकांसापेक्ष कुठे उभे आहेत एवढंच इथे लागतं आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज चंद्राच्या मागच्या बाजूच्या मध्यभागी एखादं यंत्र उतरवून सूर्योदय आणि सूर्यास्त नोंदवले तर तिथी याच निघतील.

याआधी मनुस्मृतीत पितरांचा एक अहोरात्र, म्हणजे एक दिवस आणि एक रात्र मिळून, माणसांचा एक महिना, असं सांगितलेलंच होतं. पण तिथे सगळा कृष्ण पक्ष हा त्यांचा दिवस आणि सगळा शुक्ल पक्ष ही रात्र आहे. तो हिशोब धरला तर अमावस्येला पितरांची संध्याकाळ व्हायला हवी. ‘सूर्यसिद्धांत’ या जुन्या ज्योतिर्गणिताच्या ग्रंथाने आणि त्यानंतर भास्कराचार्यांनी महिनाभराचा अहोरात्र तसाच ठेवला आणि दुपार अमावस्येवर आणली. श्रद्धा होती तिथेच राहिली, भूमितीने तिची वेळ नीट लावून दिली. मला या माणसांबद्दल फार आदर वाटतो तो याचसाठी. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापल्याची नोंद त्यात कोरलेली आहे. वऱ्हाडातून ते काही फार लांब नाही.

पितर चंद्रावर कसे पोचले, हे छांदोग्य उपनिषदात आहे. धुराच्या वाटेने जाणारे जीव रात्रीतून, कृष्ण पक्षातून, दक्षिणायनाच्या सहा महिन्यांतून पितृलोकाकडे आणि तिथून चंद्राकडे जातात. तो चंद्र म्हणजे सोम राजा, देवांचं अन्न. एकेक कला संपत जाते ती या कथेच्या ओघात ‘खाल्ली’ जाते. घास, जेवणावळ, चंद्र आणि पितर हे सगळं आजीच्या एका वाक्यात कुठून आलं असेल, हे ते वाचताना उमगलं.

अमावस्या दोन-दोन दिवस कशी असते, असा प्रश्न पोळ्याच्या सुमारास गावात हमखास निघतो. आदल्या सांजेला बैलांचे खांदे शेकून ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणून झालेलं असतं आणि कॅलेंडरवर मात्र अमावस्या दुसऱ्याच दिवशी छापलेली सापडते. तिथी म्हणजे दिवस नव्हे, कोन आहे. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढलं की एक तिथी सरते. चंद्राची कक्षा लांबट असल्याने तो कधी झपझप चालतो, कधी रेंगाळतो. म्हणून एक तिथी साधारण एकोणीस ते सव्वीस तासांची असते आणि ती मध्यरात्रीला किंवा सूर्योदयाला सुरू होईल असं नाही. २०२५ साली अमावस्या २२ ऑगस्टला दुपारच्या आसपास लागली आणि २३ च्या दुपारपर्यंत राहिली. पोळा २२ ला झाला आणि शनी अमावस्या २३ ला धरली गेली. दोन्ही बरोबर होतं. सूर्योदयाची तिथी धरायची की दुपारनंतरची, हे त्या त्या कर्माप्रमाणे ठरतं. श्राद्धाला दुपारनंतरची लागते.

दर अमावस्येला ग्रहण का होत नाही, याचं कारण चंद्राची कक्षा सूर्याच्या वाटेशी सुमारे पाच अंश कललेली आहे. त्या दोन वाटा जिथे एकमेकींना छेदतात ते राहू आणि केतू. चंद्र अमावस्येला त्यांच्याजवळ असला तरच सूर्य झाकला जातो. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी सर्वपित्रीलाच सूर्यग्रहण आलं होतं. आपल्याकडे मात्र तिन्ही दिसली नाहीत.

चंद्राची ती मागची बाजू माणसाने पहिल्यांदा पाहिली ऑक्टोबर १९५९ मध्ये, सोव्हिएत संघाच्या लुना-३ यानाने काढलेल्या धूसर फोटोंत. सगळ्यांना धक्का बसला, कारण तिथे ससा नव्हता. आपल्याला चंद्रावर दिसणारा ससा किंवा हरीण म्हणजे लाव्हा पसरून गोठलेली काळी मैदानं. तो दगड बेसॉल्ट आहे. वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या काळ्या मातीखाली जो खडक आहे तोही बेसॉल्टच, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. आपल्याकडे त्यावर पाऊस पडला, हवा लागली, खडक कुजला आणि उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात पायाला चिकटणारी कपाशीची माती झाली. चंद्रावर पाऊसही नाही, हवाही नाही. उल्कांच्या माऱ्याने तो दगड नुसता भुगा होऊन पडला आहे. तिथला बहुतेक बेसॉल्ट तीन अब्ज वर्षांहून जुना आहे.

जवळच्या बाजूचा जवळपास तिसरा हिस्सा अशा काळ्या मैदानांनी व्यापला आहे, मागच्या बाजूचा जेमतेम शेकडा एक-दोन. तिकडे चंद्राचं कवच जाड आहे, लाव्हाला वर यायला वाट मिळाली नाही. त्यामुळे ती बाजू विवरांनी खचाखच भरलेली आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या काठावर उभं राहून खाली बघितलं की अशा विवराचा अंदाज येतो. बेसॉल्टमध्ये आघाताने पडलेली अशी विवरं पृथ्वीवर मोजकीच आहेत आणि लोणार त्यांत सर्वांत जास्त अभ्यासलेलं. त्याची रुंदी सुमारे १.८ किलोमीटर. मागच्या बाजूवर अशी आणि याहून कितीतरी मोठी लोणारं एकमेकांवर पडलेली आहेत.

जानेवारी २०१९ मध्ये चीनचं चांग-अ-४ हे यान तिथे उतरलं. जून २०२४ मध्ये चांग-अ-६ ने तिथली जवळपास दोन किलो माती पृथ्वीवर आणली. पितरांच्या अंगणातली ती पहिली मूठ. तिच्यातला बेसॉल्ट सुमारे २.८ अब्ज वर्षांचा निघाला. ती दुपार सोपी नाही. सूर्य सलग चौदा दिवसांहून जास्त माथ्यावरून सरकत राहतो आणि जमीन शंभर अंशांच्या पुढे तापते. मग तेवढीच लांब रात्र, उणे शंभराच्याही खूप खाली. आणि तिथे उभं राहून वर पाहिलं तर पृथ्वी कधीच दिसत नाही. आपल्या रेडिओचा आवाजही तिथवर पोचत नाही, कारण मध्ये अख्खा चंद्र आडवा आहे. म्हणूनच खगोलशास्त्रज्ञांना तिथे रेडिओ दुर्बीण उभारायची आहे.

सर्वपित्रीनंतर दोन दिवसांनी पश्चिमेला कोर दिसते तेव्हा तिकडे दुपार कलू लागलेली असते. नवरात्रातल्या अष्टमीला अर्धा चंद्र दिसतो, त्या वेळी तिकडे सूर्य मावळतो. कोजागरीला धांड्यांच्या मखरात भुलाबाई बसलेली असते, पोरी खिरापत ओळखतात, चुलीवर दूध आटतं आणि अंगणात सुई ओवता येईल एवढं चांदणं पडतं. तिकडे तेव्हा मध्यरात्र असते. आठेक दिवसांनी, कृष्ण अष्टमीला, पुन्हा उजाडेल.