भ्रूणांची रोपणपूर्व जनुकीय निवड

प्रयोगशाळेत फलन घडवून तयार केलेल्या भ्रूणांची जनुकीय चाचणी करून, विशिष्ट आनुवंशिक रोग नसलेलेच भ्रूण गर्भाशयात सोडण्याची वैद्यकीय पद्धती. आई व वडील दोघेही थॅलसेमिया या आनुवंशिक रक्तरोगाचे वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला तो तीव्र स्वरूपात होण्याची शक्यता २५ टक्के असते. गर्भ राहिल्यानंतर निदान होऊन गर्भपाताचा विचार करण्याची वेळ अशा दांपत्यावर येऊ नये, हा या पद्धतीचा मूळ हेतू होय.

तिचा आरंभ कोठे मानावा याविषयी मतभेद आहेत. रॉबर्ट एडवर्ड्‌स व रिचर्ड गार्डनर यांनी १९६७-६८ च्या सुमारास सशाच्या भ्रूणांतील पेशी काढून भ्रूणांचे लिंग ओळखले होते, आणि काही लेखक इतिहास तेथूनच सुरू करतात. मानवातील उपयोगाचे श्रेय मात्र सामान्यतः लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील ॲलन हँडीसाइड व त्यांच्या सहकाऱ्यांना दिले जाते. एक्स गुणसूत्राशी निगडित रोग प्रामुख्याने मुलग्यांमध्ये प्रकटत असल्याने त्यांनी केवळ स्त्रीलिंगी भ्रूणांचे रोपण केले व १९९० मध्ये त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याच वर्षी शिकागो येथे युरी व्हर्लिन्स्की यांनी अंडपेशीची ध्रुवीय पेशिका (अंडपेशी पक्व होताना तिच्यापासून वेगळी होणारी लहान पेशी) तपासण्याची रीत मांडली. परंतु तीतून फक्त आईकडील जनुकांचाच बोध होत असल्यामुळे लंडनच्या कामाला अग्रक्रम देणे अधिक सयुक्तिक वाटते. अर्थात मानवात ही पद्धती प्रथम लिंगनिवडीच्याच रूपाने आली, ही गोष्ट भारतात विशेष महत्त्वाची आहे.

सध्या बहुधा फलनानंतर पाचव्या-सहाव्या दिवशी, पुढे वार (अपरा) ज्यांपासून बनते अशा भ्रूणाच्या बाहेरील काही पेशी काढतात. त्या, ज्यांपासून गर्भ बनतो अशा आतील पेशींशी नेहमीच जुळतात असे नाही, त्यामुळे निष्कर्ष पूर्णतः निर्णायक मानता येत नाही.

महाराष्ट्राने १९८८ मध्ये व केंद्राने १९९४ मध्ये केलेले लिंगनिदानविरोधी कायदे प्रसवपूर्व निदानापुरते होते; गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवड २००३ मध्ये अंमलात आलेल्या दुरुस्तीने बंदीच्या कक्षेत आली. अपत्याचे लिंग ठरवणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचा एका दांपत्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळला. २०२१ च्या साहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने भ्रूणचाचणी मुख्यतः ज्ञात आनुवंशिक रोगांपुरती ठेवली आहे.

आजारी भावंडाला नाळेच्या रक्तातील मूलपेशी देता येतील असे भ्रूण निवडण्याचा प्रयोग अमेरिकेत २००० मध्ये यशस्वी झाला. अपत्य हे साधन ठरते, हा त्यावरील आक्षेप जुनाच आहे. तत्त्वज्ञ ज्युलियन सावुलेस्कू यांनी २००१ मध्ये सर्वोत्तम अपत्य निवडणे हे पालकांचे कर्तव्य असल्याचे प्रतिपादन केले, तर अपंगांच्या हक्कांचे अभ्यासक अशा निवडीत अपंगांचे अवमूल्यन पाहतात. उंची वा बुद्धिमत्तेसाठी निवड करण्याचे दावे तूर्त दुर्बळ आहेत : २०१९ च्या एका अभ्यासात अशा निवडीचा अपेक्षित सरासरी लाभ उंचीत सुमारे २.५ सेंमी. एवढाच आढळला.