हुकमाचा एक्का आणि ९६२ नावं

फ्रीमेसन या बंद दारांआड भरणाऱ्या जुन्या बंधुसंघाची मंडळी पडद्याआडून जग चालवतात की नाही, यावर आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला की काका शेवटी एकच पान टाकतात. "बाकी सगळं राहू दे. एक्क्याऐंशी सालच्या इटलीचं काय, तेवढं सांग." सगळे गप्प होतात, कारण त्या साली इटलीत काय झालं ते कुणालाच ठाऊक नसतं. मलाही नव्हतं. मग वाचायला बसलो, आणि काकांना कळवावं लागलं की या एका बाबतीत तुमचं बरोबर आहे.

मार्च १९८१. मिलानचे दोन तपास न्यायाधीश मिकेले सिंदोना या बुडालेल्या बँकरने रचलेल्या स्वतःच्याच खोट्या अपहरणाचा माग काढत होते. धागा लिचो जेल्ली नावाच्या माणसापाशी पोचला. १७ मार्चला आरेत्सो शहराजवळच्या एका कपड्यांच्या कारखान्यात, त्याच्या कार्यालयाची झडती झाली. हाती लागली ९६२ नावांची यादी. जेल्ली चालवत असलेल्या 'प्रोपागांदा दुए', म्हणजे पी-टू, या गुप्त मेसॉनिक लॉजचे हे सदस्य. (लॉज म्हणजे फ्रीमेसनांची शाखा.) त्यांत मंत्री होते, खासदार होते, लष्करी अधिकारी, गुप्तचर खात्यांचे प्रमुख, पत्रकार, बँकवाले होते. पुढे पंतप्रधान झालेले सिल्व्हिओ बर्लुस्कोनी तेव्हा नुसतेच उद्योगपती होते, त्यांचंही नाव त्यात होतं. मे महिन्यात यादी जाहीर झाली आणि काही दिवसांतच पंतप्रधान फोर्लानी यांचं सरकार गडगडलं. पुढच्याच वर्षी गुप्त संघटनांना मनाई करणारा कायदा झाला.

तेव्हा 'कट-बिट काही नसतं हो' म्हणत मैदानात उतरणारा पहिल्याच चेंडूवर बाद.

पण हा कट उघड कसा झाला तेही बघा. कुणी प्राचीन चिन्हांचा अर्थ लावला नाही, की डॉलरच्या नोटेवरच्या डोळ्याकडे भिंगातून पाहिलं नाही. भलत्याच प्रकरणाच्या तपासात झडती झाली, आणि कट करणाऱ्याने चक्क हजेरीपट सांभाळून ठेवला होता. शिवाय इटलीतल्या मुख्य मेसॉनिक संस्थेने १९७६ मध्येच या लॉजचं काम स्थगित केलं होतं. खरे कट असेच असतात. थोडे गबाळे, कागदपत्रांनी भरलेले, आणि आपसातल्या भांडणांनी पोखरलेले.

फ्रीमेसन म्हणजे शब्दशः गवंडी. दगडकामाच्या कारागिरांच्या मंडळांवरून ही कल्पना निघाली, आणि १७१७ मध्ये लंडनच्या काही लॉजेसनी एकत्र येऊन ग्रँड लॉज स्थापली असं परंपरा सांगते. चिन्हंही गवंड्याच्याच पिशवीतली: गुण्या, ओळंबा, पाणसळ, कंपास. भारतात इंग्रजांबरोबर लॉज आली. बंद दारांआड साहेब लोक काय करतात ते कळेना, म्हणून आपल्या लोकांनी त्या इमारतींना नाव दिलं 'जादूघर'. मुंबईत माणेकजी कर्सेटजी या पारशी गृहस्थांना इंग्रजांच्या लॉजने दार उघडलं नाही, तेव्हा ते पॅरिसला जाऊन मेसन झाले. मग १८४३ मध्ये डॉ. जेम्स बर्न्स यांनी मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही हिंदी लोकांसाठीची लॉज काढली.

पुढे फिरोजशहा मेहता मेसन झाले. दादाभाई नौरोजी मेसन होते. ज्या सरकारने देश लुटल्याचा हिशोब दादाभाई मांडत होते, त्याचे कितीतरी अधिकारीही मेसनच. तिकडे अमेरिकेत जॉर्ज वॉशिंग्टन मेसन, आणि त्याच्यावर चालून आलेल्या ब्रिटिश पलटणींतही लॉज भरत. या सगळ्यामागे एकच डोकं असेल, तर त्या डोक्याची बरीचशी शक्ती स्वतःशीच लढण्यात गेली म्हणायची. अमेरिकेचे चौदा राष्ट्राध्यक्ष मेसन होते, हा आकडाही खूप फिरतो. तो खोटा नाही, पण त्याच्या खालचा छेद, म्हणजे एकूण मेसन किती, तो सांगायचा राहून जातो: १९५०च्या दशकाच्या शेवटी त्या देशात चाळीस लाखांवर मेसन होते. त्या काळच्या पुढाऱ्यासाठी लॉज म्हणजे आपल्याकडच्या जिमखान्यासारखीच ओळखी वाढवायची जागा. ओळखीतून कामं होतात, कंत्राटंही मिळतात, आणि त्याबद्दल संशय घेणं रास्तच आहे. जग चालवण्याचा आरोप मात्र याहून फार मोठा आहे.

तो आरोप गणितात बसतो का? डेव्हिड रॉबर्ट ग्राइम्स या आयरिश भौतिकशास्त्रज्ञाने २०१६ मध्ये हा प्रयत्न केला. खरोखर उघड झालेली प्रकरणं घेतली, उदाहरणार्थ स्नोडेनने फोडलेली अमेरिकी पाळत-योजना. त्यांवरून, गुपित ठाऊक असलेल्या एका माणसाकडून एका वर्षात ते फुटण्याची शक्यता काढली. कट करणाऱ्यांना जास्तीत जास्त झुकतं माप देऊनही ती आली दहा लाखांत साधारण चार. फारच क्षुल्लक. पण तिला माणसांनी आणि वर्षांनी गुणायचं असतं. चांद्रमोहीम बनावट असती, तर त्या काळच्या नासाच्या ४ लाख ११ हजार लोकांमधून हे बिंग चार वर्षांच्या आत फुटलं असतं, असं त्याचं उत्तर. हाच दर घेऊन मी काकांसाठी हिशोब केला. दहा लाख मेसनांना जागतिक गुपित ठाऊक असेल, तर ते वर्षभरात फुटण्याची शक्यता ९८ टक्के. आणि लॉजेसना तर तीनशे वर्षं झाली.

या गणितात एक मोठं भोक आहे. ज्या कटांचा कधीच पत्ता लागला नाही, ते हिशोबात धरणार कसे? शिवाय पी-टू कुणी फितूर होऊन फुटलंच नाही. काकांनीही लगेच हरकत घेतली: गुपित सगळ्यांना थोडंच ठाऊक असतं, ते फक्त वरच्यांना. हरकत चांगली होती. मी विचारलं, "काका, वरचे म्हणजे किती?"

त्या दिवशी उत्तर आलं नाही. आला एक फॉरवर्ड. त्यात अल्बर्ट पाइक या अमेरिकी मेसन पुढाऱ्याच्या तोंडी ल्युसिफरच्या, म्हणजे सैतानाच्या, भक्तीचं एक वाक्य होतं. या वाक्याचं मूळ जितकं मजेदार, तितकं क्वचितच कशाचं असेल. लेओ ताक्सिल हा चर्चची टर उडवणारा फ्रेंच लेखक. १८८५ मध्ये त्याने पश्चात्ताप झाल्याचं जाहीर केलं, आणि मेसनांच्या सैतानपूजेवर पुस्तकांचा रतीब सुरू केला. पोप तेरावे लिओ यांनी त्याला भेट दिली. सैतान मगरीच्या रूपात येऊन पियानो वाजवतो, इथपर्यंत मजल गेली, आणि वाचकांनी तेही गिळलं. डायना व्हॉन नावाची सैतानाची माजी उपासक आता चर्चला शरण आली आहे, ती सगळं सांगेल, असा गाजावाजा झाला. १९ एप्रिल १८९७ रोजी पॅरिसच्या भूगोल संस्थेच्या सभागृहात लोक तिला बघायला जमले. छत्र्या आणि काठ्या दाराशीच ठेवून घेतल्या होत्या. मग ताक्सिल उभा राहिला आणि म्हणाला की हे सगळं मी बारा वर्षं रचत होतो, डायना हे माझ्या टंकलेखिकेचं नाव. छत्र्या का काढून घेतल्या ते तेव्हा कळलं. पाइकचं वाक्यही त्याच कारखान्यातलं. रचणाऱ्याने भर सभेत कबुली देऊनही ते सव्वाशे वर्षं फिरतंय.

कबुलीने न मरणारी गोष्ट कशाच्या जोरावर जगते? रोलंड इमहोफ आणि पिया लॅम्बर्टी या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी घरातल्या धूरसूचक यंत्रांबद्दल एक कट स्वतःच बनवला: ही यंत्रं आरोग्याला घातक ध्वनिलहरी सोडतात. काहींना सांगितलं की हे बहुतेकांना पटतं, काहींना सांगितलं की मूठभरांनाच. ज्यांचा कल मुळात कटांकडे होता, त्यांना मूठभरांचं मत म्हणून सांगितलेला दावा जास्त खरा वाटला. चारचौघांना न कळलेलं आपल्याला कळलं, याची एक चव असते. ती मलाही माहीत आहे. पी-टूबद्दल वाचून ग्रुपवर लिहिताना माझी छाती थोडी फुगलीच होती.

म्हणून 'काका, काहीही काय' असं लिहिलं की काका आणखी घट्ट होतात. काहीही काय, हे तर मूठभरांना नेहमीच ऐकावं लागतं. २०२४ मध्ये 'सायन्स' या संशोधनपत्रिकेत आलेला एक प्रयोग याहून आशादायक आहे. २,१९० अमेरिकनांनी आपल्याला पटणारा कट आणि त्यामागचे पुरावे आपल्याच शब्दांत मांडले, आणि एआयने नेमक्या त्याच पुराव्यांना एकेक करून उत्तरं दिली. तीन फेऱ्यांत विश्वास सरासरी वीस टक्क्यांनी उतरला, आणि दोन महिन्यांनीही तो परत चढला नव्हता. खऱ्या निघालेल्या कटांवरचा विश्वास मात्र या संवादांनी कमी केला नाही. यंत्राला अर्थात एक सोय असते. त्याला राग येत नाही आणि दिवाळीला काकांच्या घरी जायचं नसतं.

माझा प्रश्न तसाच पडून होता. चौथ्या दिवशी काकांचं उत्तर आलं: "पन्नास." मी लिहिलं की ग्राइम्सच्या हिशोबाने सव्वाशेच्या आतल्यांचं गुपित शंभर वर्षंही टिकू शकतं, तेव्हा इथवर तुमचंच खरं. पण पन्नास जणांनी जग चालवायचं तर हुकूम पोचवणारे किती लागतील? त्यांच्यातल्या कुणाला काहीच कळणार नाही का?

दुसऱ्या दिवशी सकाळी 'सुप्रभात'च्या गुलाबाखाली काकांचा मजकूर होता: "पन्नास नाही. तीनेकशे धर, आणि परत हिशोब कर."