‘दहा टक्के तपासले की झालं’ हे खरं आहे का?

लॉट, म्हणजे एकत्र तपासायला आलेला माल, कितीही मोठा असो, त्यातले दहा टक्के नग तपासले की पुरे, असं मालाच्या इन्स्पेक्शनमध्ये वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हिशेबाला सोपं आणि ऐकायला न्याय्य, म्हणून ते टिकलं. पण लहान लॉटमध्ये हा नियम दगा देतो.

समजा, 50 नगांच्या लॉटमध्ये 2 सदोष आहेत, म्हणजे 4 टक्के. तुम्ही 5 नग काढले. दोन्ही सदोष नग न काढलेल्या 45 मध्येच राहण्याची शक्यता 45/50 गुणिले 44/49, म्हणजे सुमारे 81 टक्के. एकही दोष न दिसता लॉट पास! आता 1000 चा लॉट, 40 सदोष, प्रमाण तेच 4 टक्के, आणि नमुना 100 चा. इथे लॉट सुटण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी. नियम एक, कसोट्या दोन. पकड ठरते ती मुख्यतः नमुन्यातल्या नगांच्या संख्येवर, टक्केवारीवर नव्हे.

पडताळायचं तर स्प्रेडशीटमधलं हायपरजिओमेट्रिक फंक्शन वापरा; लॉटमधून काढलेल्या नमुन्यात किती सदोष नग येण्याची शक्यता आहे, ते हे फंक्शन सांगतं. त्याच 50 च्या लॉटमधले ते 2 सदोष नग 90 टक्के खात्रीने पकडायचे, म्हणजे निदान एक तरी हाती लागायला हवा, तर 34 नग तपासावे लागतात. मग सगळेच का तपासू नयेत? बहुतेकदा तेच शहाणपणाचं. चाचणीत नग मोडत असेल तर मात्र किती जोखीम पत्करायची ते आधी ठरवून नमुना काढावा. आणि हो, प्रत्येक नग निवडला जाण्याची संधी सारखी आहे, असं हे गणित धरून चालतं; खोक्यातले वरवरचे नग उचलले तर यातलं कुठलंच गणित लागू होत नाही.