छापलेले आउटपुट टेक्स्ट एरियात: मराठी-कन्नड अक्षरे का तुटतात

युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमने १९७०च्या दशकात प्रत्येक प्रोग्रॅमला तीन वाटा दिल्या: ० इनपुटला, १ आउटपुटला, २ चुकांच्या संदेशांना. या वाटांवरून अक्षरे नव्हे, बाइट, म्हणजे ० ते २५५ मधले आकडे, जातात. जावा या प्रोग्रॅमिंग भाषेने हीच रचना उचलली. १९९७च्या जावा १.१मध्ये सिस्टिम.सेटआउट आले आणि छापलेले आउटपुट दुसरीकडे वळवता येऊ लागले. १९९८च्या अखेरीस जावा १.२सोबत खिडक्या-बटणांच्या स्विंग या संचातला जेटेक्स्टएरिया, म्हणजे मजकूर दाखवणारी चौकट, मिळाला. बाइट स्वीकारणाऱ्या आउटपुटस्ट्रीमचा नवा वर्ग (क्लास) करायचा, त्याच्या राइट या मेथडमध्ये आलेला बाइट टेक्स्ट एरियाला जोडायचा, ही सोपी कृती तेव्हापासून चालत आली.

इंग्रजी मजकुरात ती बिनबोभाट चालते, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे मात्र गावांच्या एकाच यादीत मराठी आणि कन्नड नावे असू शकतात आणि यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत, दोन्ही लिपींचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे. 'बेळगाव' या शब्दात सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. राइटमध्ये एकेक बाइट सुटा जोडला, तर अठरा असंबद्ध चिन्हे उमटतात, काही दिसतही नाहीत. त्याऐवजी सहा प्रश्नचिन्हे आली, तर दोष आधीचा आहे: मजकूर बाइटांत बदलणाऱ्या प्रिंटस्ट्रीमने जुन्या विंडोज एन्कोडिंगमध्ये रूपांतर करतानाच अक्षरे गमावली, ती पुढे परत मिळत नाहीत. चौकोन दिसले तर अक्षरे शाबूत आहेत, फॉन्ट तेवढा बदलायचा. विंडोजवरच्या निर्मला यूआयमध्ये दोन्ही लिप्या आहेत.

प्रिंटस्ट्रीम तयार करतानाच यूटीएफ-८ सांगावे, जावा १.४पासून तशी सोय आहे. २०२२च्या जावा १८ने यूटीएफ-८ मूळ एन्कोडिंग केले, तरी जुन्या मशीनसाठी ते स्पष्ट लिहिलेलेच बरे. आलेले बाइट साठवत जावेत आणि १० हा बाइट, म्हणजे ओळीचा शेवट, आला की पूर्ण ओळ एकदम अक्षरांत उलगडावी. तीन बाइटच्या चिन्हातला प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, म्हणून १० वर तोडताना अक्षर कधीच दुभंगत नाही. ओळ न संपवणाऱ्या सूचना मात्र अशाने अडकून राहतात. त्यांच्यामागे ओळ संपवणारे प्रिंटएलएन द्यावे.

ओळ टेक्स्ट एरियात टाकताना इन्व्होकलेटर वापरावे, म्हणजे ते काम खिडक्या हाताळणाऱ्या थ्रेडवर (प्रोग्रॅममधल्या कामाच्या धाग्यावर) होते. जावा ६पर्यंत जेटेक्स्टएरियाचे मजकूर जोडणारे अपेंड कोणत्याही थ्रेडमधून सुरक्षित असल्याची नोंद अधिकृत माहितीत होती, जावा ७मध्ये ती काढली. जुन्या नमुन्यांत ही काळजी दिसत नाही, ती त्यामुळेच.