ईजीआर व्हॉल्व्ह कधी बंद व्हावा? पन्नास वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

ऑस्ट्रियातील मोटार-खरेदीदारांच्या तीन खटल्यांवर लक्झेंबर्गच्या युरोपीय संघ न्यायालयाने १४ जुलै २०२२ रोजी निकाल दिला. त्या गाड्यांमध्ये ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड हे प्रदूषक कमी व्हावेत म्हणून जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारी झडप, फक्त १५ ते ३३ अंश सेल्सिअसच्या हवेत पूर्ण काम करत असे. हवा त्याहून थंड किंवा गरम झाली, अथवा गाडी समुद्रसपाटीपासून १००० मीटरच्या वर चढली, की इंजिनचा संगणक तो हळूहळू मिटत नेई. व्हॉल्व्ह आणि तो वायू थंड करणारा कूलर काजळीने तुंबू नयेत म्हणून ही खबरदारी घ्यावीच लागते, असे निर्मात्यांचे म्हणणे होते. न्यायालयाने ते फेटाळले. तुंबतो म्हणून व्हॉल्व्ह बंद ठेवण्याची मुभा द्यावी का, हा वाद व्हॉल्व्हइतकाच जुना आहे, आणि व्हॉल्व्हची घडण गेल्या पन्नास वर्षांत बदलत गेली ती बरीचशी या वादाच्या दाबाखाली.

लॉस एंजेलिसवरचा धुरकट थर आणि हवा स्वच्छ ठेवण्यासाठीचा १९७० चा अमेरिकी कायदा यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. इथे त्यातले एवढेच पुरे, की १९७३ च्या मॉडेलपासून अमेरिकेत नायट्रोजन ऑक्साइडवर देशभर मर्यादा आली, मैलामागे सुमारे ३ ग्रॅम. १९७७ साली ती २ वर आणि १९८१ साली १ वर उतरली. पहिली पायरी गाठायला ज्वलनाचे कमाल तापमान थोडे खाली आणणे पुरेसे होते आणि त्याचा स्वस्त मार्ग म्हणजे जळालेला वायू पुन्हा सिलिंडरमध्ये सोडणे. त्या काळातल्या काही गाड्यांत व्हॉल्व्हच नव्हता. कार्बोरेटरखाली, इनटेक मॅनिफोल्डच्या (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) तळाशी ठराविक मापाच्या भोकांचे जेट बसवलेले असत आणि वायू सदैव आत येत राही. नको असताना येणारा वायू हीच मोठी अडचण. आयडलिंगला इंजिन थरथरे, पूर्ण थ्रॉटलला ताकद कमी पडे. व्हॉल्व्हची खरी गरज निर्माण झाली ती वायू सोडण्यासाठी कमी आणि अडवण्यासाठी जास्त.

त्यावर काढलेला उपाय मला आजही फार देखणा वाटतो. थ्रॉटलची चकती मिटलेली असताना तिच्या किंचित वर राहील अशा जागी कार्बोरेटरला एक बारीक छिद्र पाडायचे आणि तिथून रबरी नळी व्हॉल्व्हच्या डायफ्रॅमपर्यंत, म्हणजे त्याला उचलणाऱ्या लवचीक पडद्यापर्यंत न्यायची. आयडलिंगला छिद्र चकतीच्या वर असते, त्याला निर्वात मिळत नाही, व्हॉल्व्ह बंद. थ्रॉटल थोडा उघडला की चकतीची कड छिद्राला ओलांडते, मॅनिफोल्डचा निर्वात डायफ्रॅमला ओढतो आणि स्प्रिंगविरुद्ध व्हॉल्व्ह उचलला जातो. पूर्ण थ्रॉटलला मॅनिफोल्डमधला निर्वातच नाहीसा होतो आणि स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते. एकाही तारेशिवाय, केवळ एका छिद्राच्या जागेमुळे तिन्ही अवस्था साधल्या. इंजिनवर भार किती आहे हे मात्र त्या छिद्राला नीट कळत नसे. म्हणून सत्तरच्या दशकातच पोकळ दांड्याचे व्हॉल्व्ह आले: एक्झॉस्टचा दाब दांड्यातून वर येई आणि तो पुरेसा वाढला तरच निर्वाताची गळती बंद होऊन व्हॉल्व्ह उघडे. थंड इंजिनात व्हॉल्व्ह उघडू नये म्हणून नळीच्या वाटेत उष्णतेवर चालणारा स्विच बसवला गेला.

वादाला तोंड फुटले ते या स्विचवरून. इंजिनचे पाणी गरम होईपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवणे कोणालाही पटण्यासारखे होते. पण काही निर्मात्यांनी इंजिनऐवजी बाहेरच्या हवेचे तापमान मोजणारे स्विच लावले. अमेरिकेची प्रमाणित चाचणी २० ते ३० अंशांच्या खोलीत होते. हवा याहून थंड असली की व्हॉल्व्ह बंद. काहींनी वेळ मोजणारे टायमर घातले, त्यामुळे चाचणीत लागणारा प्रवेगाचा काळ उलटला की व्हॉल्व्ह मिटे. १९७२ च्या डिसेंबरात अमेरिकी नियामकाने परिपत्रक काढून अशा साधनांना मज्जाव केला आणि १९७३ च्या पूर्वार्धात निर्मात्यांना चालू उत्पादनातून ती काढावी लागली. त्या वेळी बंदी आली ती चाचणीत एक आणि रस्त्यावर दुसरे वागणाऱ्या साधनावर. इंजिनाच्या संरक्षणासाठी लागणाऱ्या साधनाला मात्र अपवाद मिळाला. हा अपवाद पुढे अटलांटिक ओलांडून युरोपच्या कायद्यात गेला. पन्नास वर्षांचे भांडण त्याच्या रुंदीबद्दल आहे.

पेट्रोल इंजिनांचा पुढचा प्रवास लवकर सांगता येतो. १९८१ च्या सुमारास एक्झॉस्टमधली तीन प्रदूषके एकदम घटवणारे तिहेरी उत्प्रेरक सर्रास आले, व्हॉल्व्हवरचा भार हलका झाला. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात निर्वाताची जागा विजेने घेतली. एका अमेरिकी व्हॉल्व्हमध्ये वेगवेगळ्या मापाची तीन भोके आणि ती उघडणारे तीन सोलेनॉइड (विजेच्या चुंबकाने हलणारे दांडे) होते. त्यांच्या जोड्यांतून प्रवाहाच्या सात पायऱ्या मिळत. मग स्टेपर मोटरचे आणि दांड्याची जागा सतत कळवणारे सोलेनॉइड व्हॉल्व्ह आले. १९९६ पासून अमेरिकेत गाडीने स्वतःचा ईजीआर प्रवाह तपासणे बंधनकारक झाले. मेकॅनिकांच्या तोंडी असलेला पी०४०१ हा अपुऱ्या प्रवाहाचा कोड त्याच व्यवस्थेतला. सिलिंडरच्या झडपांच्या वेळा बदलता येऊ लागल्यावर जळालेला वायू आतच राखता येऊ लागला आणि बऱ्याच पेट्रोल इंजिनांतून बाहेरचा व्हॉल्व्ह गेलाच. पुढे हायब्रिड गाड्यांत तो थंड केलेल्या वायूसह परतला, पण इंधन वाचवण्यासाठी.

डिझेलमध्ये गणित वेगळे आहे. डिझेलला थ्रॉटल नसतो, म्हणून इनटेकमध्ये ओढ नसते. वर टर्बोचा, म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून आत भरणाऱ्या पंख्याचा दाब. एक्झॉस्टचा दाब इनटेकपेक्षा जास्त असेल तरच वायू आत जाणार. त्यासाठी टर्बोची पाती वळवून मागे दाब निर्माण करावा लागतो किंवा इनटेकमध्ये मुद्दाम एक फ्लॅप बसवावा लागतो. शिवाय डिझेल इंजिनात हवा भरपूर असते, त्यामुळे हलक्या भाराला आत जाणाऱ्या वायूचा निम्म्याच्या जवळपास भाग पुनर्चक्रित असू शकतो. एवढा वायू जाऊ द्यायचा तर व्हॉल्व्हचे तोंड मोठे हवे, आणि मोठ्या तोंडावर एक्झॉस्टचे ठोकेही जोरात बसतात. निर्वाताच्या डायफ्रॅमला हे पेलेना. म्हणून गिअर लावलेली डीसी मोटर, जागा सांगणारा सेन्सर आणि वीज गेली तर व्हॉल्व्ह मिटवणारी स्प्रिंग ही रचना रूढ झाली. काहींनी एकाच दांड्यावर दोन चकत्या बसवल्या, जेणेकरून वायूचा दाब एकीला उघडू पाहील तेव्हा दुसरीला मिटवू पाहील आणि मोटरला कमी झगडावे लागेल.

काजळी हा मात्र डिझेलचा पाठ न सोडणारा प्रश्न. नुसती कोरडी काजळी फारशी त्रास देत नाही. वायू थंड होताना त्यातले न जळलेले इंधन आणि तेलाची वाफ भिंतीवर उतरते, काजळी तिच्यात रुतते आणि डांबरासारखा थर चढतो. हा थर चकती आणि बैठकीच्या मध्ये आला तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. दांड्यावर आला तर अडकतो. व्हॉल्व्ह कुठे बसवायचा हा निर्णय इथे येतो. कूलरच्या आधी, गरम बाजूला बसवला तर तापमानामुळे थर कमी चढतो, पण मोटर आणि सीलला ती उष्णता सोसावी लागते. कूलरनंतर बसवला तर मोटर सुखात आणि चकती चिकटात. अनेक निर्मात्यांनी इग्निशन बंद केल्यावर व्हॉल्व्ह काही वेळा पूर्ण उघडून मिटवण्याची युक्ती केली, म्हणजे ताजा थर घट्ट होण्याआधी खरवडला जातो. गाडी बंद केल्यावर बॉनेटखाली होणारी बारीक घरघर बऱ्याचदा याचीच असते.

याहून मुळाशी जाणारा उपाय म्हणजे वायू टर्बोच्या आधीऐवजी काजळी-गाळणीच्या नंतर घेणे. तो वायू स्वच्छ असतो, व्हॉल्व्ह तुंबण्याचे कारणच उरत नाही. त्याचीही किंमत आहे: थंडीत साचणारे आम्लयुक्त पाणी आणि टर्बोच्या वेगाने फिरणाऱ्या चाकावर आपटणारे त्याचे थेंब. अमेरिकेसाठी बनलेल्या काही डिझेल गाड्यांत ही रचना २००९ च्या सुमारास आली होती. म्हणजे तुंबणे अटळ आहे असे न्यायालयात सांगितले जात होते, त्याच्या कितीतरी आधीपासून ते टाळणारी रचना बाजारात होती. ती महाग होती, हे खरे.

२०१५ चे प्रकरण याच पार्श्वभूमीवर घडले. ईजीआर वाढवला की नायट्रोजन ऑक्साइड घटतात आणि काजळी वाढते. काजळी वाढली की गाळणी आणि व्हॉल्व्ह दोन्ही लवकर भरतात. एका जर्मन निर्मात्याच्या डिझेल इंजिनात सॉफ्टवेअरने दोन पद्धती ठेवल्या होत्या: प्रयोगशाळेची चाचणी ओळखली की ईजीआर जास्त, रस्त्यावर कमी. हे उघड झाल्यावर युरोपात सॉफ्टवेअर बदलून दिले गेले. चाचणी ओळखणारा भाग गेला, पण सुधारित सॉफ्टवेअरमध्ये १५ ते ३३ अंशांची खिडकी होती. तिच्या बाहेर पुढच्या १० अंशांत ईजीआर शून्यावर येई. दुरुस्ती म्हणून दिलेली गोष्टच मग खटल्याचा विषय झाली.

त्याआधी १७ डिसेंबर २०२० च्या निकालात न्यायालयाला एका शब्दप्रयोगाचा गुंता सोडवावा लागला होता. युरोपच्या २००७ च्या नियमात ‘उत्सर्जन नियंत्रण प्रणाली’ची परिणामकारकता घटवणाऱ्या साधनाला बंदी आहे. उत्सर्जन नियंत्रण म्हणजे इंजिनातून वायू बाहेर पडल्यावर त्याला शुद्ध करणारी यंत्रणा, उत्प्रेरक आणि गाळणी वगैरे. ईजीआर तर इंजिनाच्या आतला भाग, त्याला हा नियम लागूच होत नाही, असा बचाव होता. तो मान्य झाला असता तर व्हॉल्व्ह हवा तेव्हा मिटवायला रान मोकळे होते. न्यायालयाने प्रदूषण मुळात निर्माण होऊ न देणारी आणि निर्माण झाल्यावर काढणारी, अशा दोन्ही व्यवस्था त्या व्याख्येत धरल्या.

मग आला अपवाद. इंजिनाला ‘नुकसान किंवा अपघात’ यांपासून वाचवण्यासाठी अशा साधनाची गरज असेल तर ते चालते. निर्मात्यांनी तुंबणे म्हणजेच नुकसान असा अर्थ लावला. २०२० मध्ये न्यायालयाने सांगितले की झिजणे आणि तुंबणे हे गाडी नेहमीप्रमाणे चालवताना होणारच, आधीच माहीत असलेली गोष्ट आहे; अपवाद अचानक उद्भवणाऱ्या आणि चालत्या गाडीत धोका निर्माण करणाऱ्या बिघाडासाठी आहे. २०२२ मध्ये त्यात आणखी एक गाठ मारली गेली. ईजीआरचा एखादा भाग बिघडल्याने तात्काळ धोका उभा राहतो असे सिद्ध झाले, तरी जे साधन वर्षातला बहुतेक काळ व्हॉल्व्ह मिटवून ठेवते त्याला अपवाद मिळणार नाही. ऑस्ट्रियासारख्या थंड आणि डोंगराळ देशात १५ अंशांखालचे दिवस किती आणि १००० मीटरवरचे रस्ते किती, हे पाहिले की या वाक्याचे वजन कळते.

निर्मात्यांची बाजू पोकळ नव्हती. थंड हवेत कूलरमध्ये थर खरोखर भराभर चढतो आणि अडकलेला व्हॉल्व्ह इंजिन बंद पाडू शकतो. २०१८ साली दक्षिण कोरियात एका कंपनीच्या डिझेल गाड्यांना आगी लागल्या, तेव्हा ईजीआर कूलरमधून गळणारे शीतक काजळीच्या थरात मिसळल्याचे आणि गरम वायूने ते पेटल्याचे तपासात निघाले. पण हेच उदाहरण उलटही वाचता येते. धोका कूलरच्या घडणीत होता आणि तो घडण सुधारूनच जाणार होता. व्हॉल्व्ह मिटवून शहराच्या हवेवर भार टाकणे हा अभियांत्रिकीचा उपाय मानणे मला पटत नाही.

भारतात हा वाद न्यायालयांपेक्षा गॅरेजमध्ये जास्त चालतो. २०१५ मध्ये पुण्यातील संशोधन संस्थेने त्या जर्मन गटाच्या गाड्या तपासल्यानंतर कंपनीने डिसेंबरात सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या परत बोलावल्या. नियमही वेगाने कडक झाले. डिझेल मोटारींसाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा बीएस-४ मध्ये किलोमीटरला ०.२५ ग्रॅम होती, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ती ०.०८ झाली. डिझेलमधले गंधक ५० पीपीएमवरून १० वर आल्याने कूलरमध्ये तयार होणारे आम्लही घटले. एप्रिल २०२३ पासून प्रत्यक्ष रस्त्यावरचे उत्सर्जन मोजण्याचा टप्पा लागू झाला. तो आपल्याला विशेष महत्त्वाचा, कारण विदर्भातली मे महिन्यातली दुपार युरोपातल्या ३३ अंशांच्या खिडकीत कधीच बसणार नव्हती.

नवी गाडी रस्त्यावर आल्यानंतर मात्र ही साखळी तुटते. व्हॉल्व्ह तुंबला की तो साफ करून घेण्याऐवजी मध्ये पत्रा टाकून वाट बंद करतात आणि कोड येऊ नये म्हणून सॉफ्टवेअर बदलून घेतात. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा फक्त धूर मोजला जातो, नायट्रोजन ऑक्साइड नाही. ईजीआर बंद केलेल्या डिझेल गाडीचा धूर उलट कमी होतो, त्यामुळे ती चाचणीत सहज पास होते. पीयूसीमध्ये नायट्रोजन ऑक्साइड मोजला जाईपर्यंत पत्रा टाकलेली गाडी आणि व्हॉल्व्ह नीट चालणारी गाडी यांना एकसारखेच प्रमाणपत्र मिळत राहील.