पोटरीवरच्या गाठी, मांटू आणि चरबीपर्यंत न पोचलेली बायोप्सी

पोटऱ्यांवर लालसर, दुखऱ्या गाठी उठलेली बाई नाशकातल्या दवाखान्यात आली की तिच्या फाईलवर पुढे काय चढणार, हे गेली कित्येक वर्षं बरंचसं मांटूवर, म्हणजे टीबीचा संसर्ग बघायला हातावर दिल्या जाणाऱ्या टोचणीवर, ठरत आलं आहे. फुगवटा दहा मिलिमीटरच्या वर गेला की टीबीचा कोर्स. नाही गेला की दुखणं दाबणाऱ्या गोळ्या, नाहीतर स्टेरॉइड. गाठीचा तुकडा काढून त्वचेखालच्या चरबीत नेमकं काय चाललं आहे ते बघणं, हा तिसरा रस्ता पुष्कळांच्या वाट्याला उशिरा येतो, काहींच्या वाट्याला येतच नाही. ही पार्श्वभूमी त्या उशिराची आहे.

फार जुना इतिहास थोडक्यात आटोपता येतो. नडगीवरच्या लाल गाठींना एरिथेमा नोडोसम हे नाव अठराव्या शतकाच्या अखेरीला लंडनमध्ये मिळालं. पोटरीच्या मागच्या बाजूला उठणाऱ्या, पुढे फुटून चिघळणाऱ्या गाठी वेगळ्या आहेत, हे १८६१ मध्ये पॅरिसच्या एका त्वचारोगतज्ज्ञाने मांडलं. तो एरिथेमा इंड्युरेटम. टीबीचा जंतू सापडला १८८२ मध्ये. त्यानंतर १८९६ मध्ये ‘ट्यूबरक्युलिड’ ही कल्पना आली. शरीरात कुठेतरी टीबी आहे, त्याच्यावरची शरीराची प्रतिक्रिया त्वचेत उमटते, पण त्या जागी जंतू मात्र सापडत नाही, अशी ती मांडणी. जंतू नसणं हाच ज्या आजाराचा स्वभाव, तो आजार टीबीचा आहे हे सिद्ध कशाने करायचं? सव्वाशे वर्षांनंतरही वाद इथेच अडलेला आहे.

१९४५ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी दाखवून दिलं की अगदी तशाच गाठी टीबीचा मागमूस नसलेल्या लोकांनाही होतात. त्यांनी वेगळं नाव सुचवलं, नोड्युलर व्हॅस्क्युलायटिस. जिथे टीबी मागे हटला तिथे हे दुसरं नाव रुळलं. आपल्याकडे टीबी हटला नाही, त्यामुळे पहिलंही हटलं नाही. आज एकाच स्लाइडवर एका पॅथॉलॉजिस्टकडून एक नाव येतं आणि दुसऱ्याकडून दुसरं. पेशंटचे पुढचे सहा महिने कसे जाणार, हे त्या नावावर ठरतं.

‘वेबर-ख्रिश्चन डिसीज’ हेही अशाच गोंधळाचं नाव. १९२५ आणि १९२८ च्या दोन वर्णनांवरून ते पडलं: ताप, पुन्हापुन्हा उठणाऱ्या गाठी, चरबीचा दाह, आणि कारण अज्ञात. पुढे ज्याचं कारण कळेना ते सगळं याच पोत्यात गेलं. १९९८ मध्ये अमेरिकेत हा शिक्का बसलेल्या ३० पेशंटची कागदपत्रं आणि स्लाइड नव्याने तपासल्या गेल्या, तेव्हा त्यातून निरनिराळे आजार निघाले: बऱ्याच जणांना साधा एरिथेमा नोडोसम, काहींना त्वचेजवळच्या शिरेतली रक्ताची गुठळी, काहींनी तर स्वतःच त्वचेला इजा केलेली. तज्ज्ञांनी हे नाव जवळपास सोडून दिलं आहे. आपल्याकडे डिस्चार्ज कार्डवर ते अजून अधूनमधून दिसतं, आणि ते दिसलं की निदानाचा शोध तिथे थांबला असं समजावं.

आता टीबीच्या कोर्सचा निर्णय. सुधारित क्षयरोग कार्यक्रम १९९७ पासून टप्प्याटप्प्याने आला आणि २००६ पर्यंत देशभर पोचला. त्याचा मोठा फायदा म्हणजे औषधं फुकट आणि जवळच्या केंद्रावर मिळू लागली. पण त्याची सगळी रचना थुंकीभोवती होती. फुफ्फुसाबाहेरच्या टीबीचं निदान थुंकीत होत नाही, म्हणून पुरावा मिळाला नाही तरी डॉक्टरच्या निर्णयावर उपचार सुरू करायची मुभा होती. मेंदूच्या किंवा पोटाच्या टीबीत ती हवीच होती, कारण तिथे वाट बघण्यात जीव जातो. त्याच मुभेतून पोटरीवरच्या गाठीही आत शिरल्या. सोबतीला रक्तातल्या अँटिबॉडी मोजणाऱ्या टीबीच्या तपासण्या होत्या. खासगी लॅबमध्ये त्या सर्रास चालत आणि ‘पॉझिटिव्ह’ आलेला कागद बघून कोर्स सुरू होई. जागतिक पातळीवरून २०११ मध्ये त्या वापरू नका असं स्पष्ट सांगितलं गेलं आणि २०१२ च्या जूनमध्ये केंद्र सरकारने त्यांच्यावर बंदी आणली. तोपर्यंत किती बायकांनी त्या कागदावर कोर्स पुरे केले, त्याचा हिशोब कुणी मांडलेला नाही.

मांटू उरली. तिची अडचण साधी आहे. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के लोकांच्या शरीरात टीबीच्या संसर्गाची खूण सापडली. म्हणजे निफाडच्या बाजारात उभ्या असलेल्या कुठल्याही तीन मोठ्या माणसांना मांटू टोचली, तर एकाच्या हातावर फुगवटा येण्याची शक्यता आहे. त्याच्या पायावर गाठ असो वा नसो. नव्या रक्ततपासणीने, म्हणजे इग्राने, बीसीजी लशीमुळे होणारी गल्लत टळते. पण संसर्ग आणि आजार यांतला फरक तीही सांगत नाही.

तरीही दुसऱ्या बाजूचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. १९९० च्या दशकात पीसीआर ही डीएनए शोधणारी तपासणी आल्यावर एरिथेमा इंड्युरेटमच्या काही तुकड्यांमध्ये टीबीच्या जंतूचा डीएनए सापडला. वर्षानुवर्षं दर थंडीत फुटणाऱ्या जखमा पूर्ण कोर्सनंतर कायमच्या बऱ्या झालेल्या पेशंट अनुभवी त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिल्या आहेत. मानेत किंवा काखेत लपलेली टीबीची गाठ पायावरच्या गाठीमुळेच सापडली, असंही घडतं. मांटू खूप जोरात आली, स्लाइडवर चरबीच्या कप्प्यांत ग्रॅन्युलोमा, म्हणजे दाहाच्या पेशींचे पुंजके, आणि शिरेचा दाह दिसला आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर पूर्ण कोर्स द्यावा, हे मलाही पटतं. माझा आक्षेप आहे तो तुकडा न काढता, बघू गुण येतो का म्हणून दिलेल्या कोर्सच्या ‘ट्रायल’ला. एरिथेमा नोडोसमच्या गाठी बहुतेक वेळा तीन ते सहा आठवड्यांत आपोआप जिरतात. कोर्स सुरू केल्यावर महिन्याभरात गाठी गेल्या तर श्रेय गोळ्यांना मिळतं आणि फाईलवर ‘टीबी’ कायमचं चिकटतं. गुंता आणखी वाढतो, कारण एरिथेमा नोडोसमसुद्धा नव्या टीबी संसर्गामुळे होऊ शकतो; तेव्हा छातीचा एक्स-रे आणि तपासणी दोन्हीकडे लागतेच.

त्याहून वाईट म्हणजे टीबीच्या गोळ्या आणि स्टेरॉइड एकदम सुरू करणं. गाठी कशाने गेल्या हे मग कुणालाच सांगता येत नाही. शिवाय टीबीच्या कोर्समधलं रिफॅम्पिसिन यकृतात प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचा फडशा लवकर पाडतं. दिलेला डोस कागदावर एक आणि अंगात भलताच कमी. काविळीची, आणि कोर्समधल्याच एथॅम्ब्युटॉलने नजरेवर होणाऱ्या परिणामाची जोखीम वेगळीच.

नाशिक जिल्ह्यात या वादाला एक जास्तीचा पदर आहे, आणि टीबीच्या चर्चेत तो हरवतो: कुष्ठरोग. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पश्चिमेच्या तालुक्यांतून पावसाळ्यानंतर मजुरांच्या टोळ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत उतरतात. ऑक्टोबरची छाटणी, मग विरळणी, घड औषधात बुडवायचं डिपिंग. दिवसभर उभ्याने काम, आणि तेही राज्यातल्या सर्वांत कडक थंडीच्या पट्ट्यात. एरिथेमा इंड्युरेटम याच ऋतूत बळावतो, म्हणून पायावर गाठी दिसल्या की मनात तेच नाव येणं स्वाभाविक आहे. पण कुष्ठरोगाच्या जंतूंवर शरीर भडकून उठतं त्या टाईप दोन रिअ‍ॅक्शनमध्येही चरबीत दाह होतो आणि अशाच दुखऱ्या गाठी झुंडीने उठतात, तापासकट. त्या हातांवर आणि चेहऱ्यावरही येतात. कोपराजवळची नस जाड आणि दुखरी लागते. एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरचा अनेक औषधांचा एकत्र कोर्स, पूर्ण झाल्यानंतरही कित्येक महिने, कधी काही वर्षं त्या येत राहतात.

एमडीटी देशात १९८३ पासून आली. २००५ च्या डिसेंबरमध्ये दहा हजार लोकसंख्येमागे एकाहून कमी रुग्ण, हे राष्ट्रीय उद्दिष्ट गाठलं गेलं. त्यानंतर खास कुष्ठरोगासाठीची नजर सैल झाली, आणि त्याच काळात शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरांनी ही रिअ‍ॅक्शन फारशी पाहिलेली नाही. अशा पेशंटला टीबीचा कोर्स दिला तर काय होतं, ते नीट समजून घ्यायला हवं. त्यातलं रिफॅम्पिसिन कुष्ठरोगाच्या जंतूलाही मारतं. म्हणजे निदान न होताच एका औषधाने अर्धवट उपचार होतो, औषधाला दाद न देणारे जंतू तयार होण्याची वाट मोकळी होते, आणि रिअ‍ॅक्शनला जे द्यायला हवं ते मिळतच नाही. नसांचं नुकसान मात्र चालूच राहतं. हे टाळायला कानाच्या पाळीचा स्मिअर पुरतो. पाळी चिमटीत धरून रक्त निघू न देता बारीक चीर द्यायची, पात्याने आतला रस खरवडून काचेवर पसरायचा. खर्च नगण्य. बायोप्सी झाली असेल तर त्याच तुकड्यावर फाइट स्टेन, म्हणजे कुष्ठरोगाचे जंतू दाखवणारा रंग, मागता येतो, पण तो मागावा लागतो. फॉर्मवर कुष्ठरोगाची शंका लिहिलेली नसेल तर लॅब तो आपण होऊन करेलच असं नाही.

आणि बायोप्सी तरी कशी होते? चार मिलिमीटरचा पंच, म्हणजे गोल पात्याची नळी, मारला जातो. फॉर्मलिनच्या बाटलीत तो तुकडा उचलून पाहिला की वरचा करडा थर आणि खालचा पांढरा चिवट थर दिसतो. पिवळं काहीच नसतं. चरबी मऊ असते, पंच वर ओढताना ती मागेच सुटते. आजार जिथे आहे ती जागाच बाटलीत आलेली नाही. मग रिपोर्ट येतो, ‘वरच्या थरात किरकोळ दाह, क्लिनिकल कोरिलेशन करावे’, म्हणजे पेशंटच्या लक्षणांशी ताडून बघा, आणि पेशंटला सांगितलं जातं की बायोप्सीत काही निघालं नाही. घरात तोवर ‘बायोप्सी म्हणजे कॅन्सर’ या धास्तीवर कशीबशी मात केलेली असते. दुसऱ्यांदा काढायला ती तयार होत नाही, आणि तिचं चुकत नाही. सुरुवातीलाच सुरीने लांबट, खोल तुकडा घेतला, तर पायावर टाके पडतात आणि जखम भरायला वेळ लागतो, हे खरं. पण त्यातूनच कळतं की दाह चरबीच्या पडद्यांत आहे की कप्प्यांत, आणि शीर दाहात सापडली आहे की नाही. पुढचं सगळं निदान या फरकावर उभं असतं. तुकडा घ्यायचा तो नव्या गाठीचा. जुन्या गाठीत सगळेच आजार सारखे दिसू लागतात. त्यातला एक भाग फॉर्मलिनमध्ये न टाकता सलाईनमध्ये ठेवावा लागतो, कारण फॉर्मलिनमधून टीबीचं कल्चर होत नाही. ही छोटीशी गोष्ट धावपळीत सर्वांत जास्त वेळा निसटते.

खोल तुकड्याचा आग्रह गेल्या तीसेक वर्षांत वाढला, त्याचं कारण टीबी नव्हे. १९९१ मध्ये चरबीच्या थरातच वाढणारा एक टी-सेल लिम्फोमा, म्हणजे पांढऱ्या पेशींचा कॅन्सर, वर्णन झाला, जो वरून साध्या दाहासारखा दिसतो. २००१ च्या जागतिक वर्गीकरणात त्याला स्वतंत्र जागा मिळाली आणि २००५ मध्ये त्यातला जास्त घातक प्रकार वेगळा काढला गेला. तरुण वय, महिनोन्‌महिने ताप, हातापायांवर आणि धडावर गाठी, गाठ जिरली की तिथे खड्डा. आपल्याकडे असा पेशंट टीबीच्या कोर्समधूनच पुढे येण्याची शक्यता दाट. २०१८ मध्ये कळलं की यातल्या बऱ्याच रुग्णांमध्ये एचएव्हीसीआर२ या जनुकात जन्मजात बदल असतो, आणि आशियाई लोकांमध्ये तो जास्त सापडतो. त्याने उपचारांचा विचारच बदलला. पूर्वी केमोथेरपी हाच पहिला पर्याय वाटे. आता सायक्लोस्पोरिनसारख्या, प्रतिकारशक्तीचा अतिरेक आवरणाऱ्या औषधांवर अनेक जण बरे होतात. मात्र रक्तातलं फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, चढत असेल आणि रक्तातल्या पेशी घसरत असतील तर थांबायला वेळ नसतो.

या लिम्फोमाची आणि ल्युपसमुळे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या आजारामुळे, होणाऱ्या चरबीच्या दाहाची सरमिसळ आजही होते. ती सोडवायला लागणारे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचे, म्हणजे पेशींचा प्रकार ओळखणाऱ्या खास रंगांचे, मार्कर पुष्कळदा मुंबईला पाठवूनच होतात. पाठवायची असते ती स्लाइड नाही, मेणातला ब्लॉक. ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो आणि लेखी अर्ज दिला की दुसऱ्या मतासाठी तो पेशंटला मिळू शकतो. दोन-तीन वर्षांपूर्वी ‘पॅनिक्युलायटिस’, म्हणजे चरबीचा दाह, एवढंच लिहून फाईल मिटलेल्या पेशंटच्या बाबतीतही हे करता येतं. पहिला तुकडा चरबीपर्यंत पोचला असेल तर नव्याने कापाकापी करावी लागत नाही.